हात कुठे गेले?

भाच्याने पुण्याहून येताना काळ्या मखमलीचा पडदा आणला. मामांनी आधी त्याची किंमत विचारली, मग तो कशासाठी ते विचारलं. किंमत ऐकून झाल्यामुळे दुसरा प्रश्न जरा वरच्या पट्टीत आला.

“लो-की पोर्ट्रेट, मामा. चेहरा तेवढा उजेडात, बाकी सगळा अंधार. पुण्यात लोक याचे चांगले पैसे देतात.”

“म्हणजे अंधार विकत आणलास,” मामा म्हणाले. “काहून रे? आपल्याकडं लाइट गेली की फुकटच मिळतो.”

मामांचा स्टुडिओ संभाजीनगरात, गुलमंडीच्या मागच्या एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानावर. अठरा फूट लांब, दहा फूट रुंद, चारी भिंती पांढऱ्या आणि छतही पांढरं. मामांच्या धंद्याला उजेड चहूकडून लागायचा. बायोडाट्याच्या फोटोसाठी मुलगी उभी राहिली की तिच्या आईचं वाक्य ठरलेलं असे, “थोडी गोरी दिसू द्या.” मामा दोन बाजूंना दोन छत्र्या लावत, सावली म्हणून कुठे उरू देत नसत, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई. नाकाची धार, गालाचं हाड, हनुवटीखालचा खळगा असं जे काही एका तोंडाला दुसऱ्यापासून वेगळं करतं, ते त्या उजेडात सपाट होऊन जायचं. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मामांना आठवत नव्हतं.

भाचा मात्र पुण्यात वर्षभराचा कोर्स करून आला होता आणि त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर रेम्ब्रांट होता. एका बाजूने आणि थोडा वरून आलेला उजेड, पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण, बाकी चेहरा सावलीत. छायाचित्रकार आजही या मांडणीला त्या डच चित्रकाराचंच नाव देतात. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. या सावल्यांच्या बादशहाने सतराव्या शतकाच्या मध्यावर मुघल लघुचित्रं समोर ठेवून वीसेक रेखाटनं केली. त्यांत शहाजहानही आहे. मुघल चित्रांत सावली जवळजवळ नसते. सगळं सारख्या उजेडात. त्याच सुमारास औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून याच शहरात राहत होता. एकीकडे सावली न काढणारे कलावंत, दुसरीकडे सावलीवाचून न भागणारा माणूस, आणि तो त्यांची चित्रं गिरवत बसला आहे. भाच्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला त्रिकोण ठाऊक होता.

पहिला प्रयोग मामांवरच झाला. मागे मखमल लावली, सॉफ्टबॉक्सची ताकद अगदी खाली आणली आणि मामांना स्टुलावर बसवलं. फोटोत मामांचा चेहरा धुवट, फिका आला आणि चारशे रुपये मीटरची मखमल राखाडी. याला कारण होतं. कॅमेऱ्याचं मीटर बिचारं सगळ्या जगाला मध्यम राखाडी समजतं. समोर काळं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि ते एक्स्पोजर वाढवून काळ्याचं राखाडी करून टाकतं. भाच्याने मग ऑटो बंद करून एक्स्पोजर खाली ओढलं. आता मखमल काळी झाली आणि मामाही. शेवटी संगणकावर बसून त्याने चेहरा पुन्हा वर उचलला, तर सावलीच्या बाजूला रवाळ दाणे उमटले.

मामांनी चष्मा वर करून स्क्रीन पाहिली. “हे लो-की नाही लेका, लो-व्होल्टेज आहे.”

मामा चेष्टा करत होते, तरी बोलले ते नेमकं होतं. या कलेत नवखा माणूस हमखास इथेच अडखळतो. अंधारी छबी म्हणजे मंद छबी असं त्याला वाटतं. चेहऱ्याचा जो भाग उजेडात ठेवायचा, तो कुठल्याही चांगल्या फोटोइतकाच उजळ असावा लागतो. तिथे कंजूषपणा करून चालत नाही. कंजूषपणा करायचा तो बाकीच्या ठिकाणी. मीटरिंग चेहऱ्याच्या उजळ बाजूवर करायचं, तिथला रंग फिकट पडून फाटणार नाही एवढी काळजी घ्यायची आणि उरलेलं आपोआप खाली जाऊ द्यायचं.

ते जात मात्र नव्हतं. खोलीच फितूर होती. दिवा एका बाजूने लावला तरी उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून दुसऱ्या बाजूने परत यायचा आणि सावली भरून काढायचा. भाचा दिव्याची ताकद कमी करत राहिला, भिंत तिचं काम करत राहिली. हे दोन दिवस पाहिल्यावर मामा खाली गेले आणि बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून थर्मोकोलची दोन पानं एका बाजूने काळी करून घेऊन आले. सिनेमावाले उजेड अडवायला जे लावतात त्याला कटर म्हणतात. मामांनी जवानीत कधीतरी मुंबईला एका शूटिंगवर ते पाहिलं होतं. काळी बाजू चेहऱ्याकडे करून त्यांनी एक पान सावलीच्या गालापासून हातभर अंतरावर, फ्रेमच्या जरा बाहेर उभं केलं.

“आता मार.”

फोटोत सावली पहिल्यांदा सावलीसारखी पडली. दिवा तोच, ताकद तीच. भिंतीवरून परत येणारा उजेड तेवढा काळ्या थर्मोकोलने गिळला होता.

“आता दिवा जवळ घे अन् स्टूल पुढं ओढ,” मामा म्हणाले. “भिंत लांब पडू दे.”

यातलं गणित भाच्याने कोर्सला पाठ केलं होतं, खोलीत वापरलं नव्हतं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. चौपट झालं की सोळावा हिस्सा उरतो. आतापर्यंत दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर होता आणि भिंत चेहऱ्याच्या मागे तीन फुटांवर. म्हणजे भिंतीला चेहऱ्याच्या चौथाई उजेड मिळत होता, आणि पांढऱ्या भिंतीला तेवढा पुरतो. स्टूल पुढे ओढून दिवा दोन फुटांवर आणला, भिंत दिव्यापासून बारा फुटांवर गेली, तेव्हा तिच्या वाट्याला छत्तिसावा हिस्सा आला. पांढरी भिंत काळी पडली. मामांनी मखमल खाली उतरवली, घडी घातली आणि विचारलं, “परत घेतात का रे ते?”

पुढचे आठ-दहा दिवस भाचा झपाटल्यासारखा राबला. फ्लॅश बंद ठेवून आधी एक फोटो काढायचा, शटर सेकंदाच्या एकशे साठाव्या भागावर, अ‍ॅपर्चर आठ, आयएसओ शंभर. तो पूर्ण काळा आला तर समजायचं की ट्यूबलाइटचा, खिडकीचा उजेड फोटोत शिरत नाही; मग जे दिसेल ते आपल्या दिव्याचंच. दिवा फार वर गेला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि माणूस कवटीसारखा दिसतो; बुबुळात दिव्याचा ठिपका चमकेपर्यंत तो खाली आणायचा. चेहरा थोडा वळवून कॅमेऱ्यापासून लांबच्या गालावर उजेड टाकायचा, म्हणजे कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत जातो आणि तोंडाला खोली येते. सॉफ्टबॉक्सला जाळी लावली की उजेड पसरत नाही. सॉफ्टबॉक्सचा मधला भाग थेट तोंडावर न रोखता त्याची कड तेवढी तोंडाला लागू दिली की उजेड कडेकडेने मऊ विरत जातो. काळे केस काळ्या भिंतीत बुडू नयेत म्हणून मागून एक बारीक दिवा द्यायचा, तोही इतका कमी की दिला आहे हे कळू नये.

सावळ्या रंगाबद्दलचं त्याचं शिक्षणही इथेच झालं. सावळ्या कातडीवर उजेड ओतणं हा आपल्याकडच्या स्टुडिओंचा जुना आळस आहे. त्या कातडीची खरी श्रीमंती तिच्या तकाकीत असते. बाजूने मोठा, मऊ उजेड दिला की कपाळावर, गालाच्या हाडावर ती तकाकी पसरते आणि रंग आहे तसाच राहून चेहरा उठून दिसतो. मामांनी असा एक फोटो बराच वेळ हातात धरला. तो मामींचा होता. मामींनी मात्र पाहिल्याबरोबर सांगितलं की हा भिंतीवर लावायचा नाही.

अशातच जफर गेटाकडून एक गिऱ्हाईक आलं. हिमरू विणणाऱ्या घराण्यातला तिशीतला मुलगा. आता घरात माग एकच चालू होता आणि तो चालवणारे एकटे अब्बा उरले होते. “अब्बा का एक अच्छा फोटो होना,” तो म्हणाला. दिल्लीला हातमागाच्या प्रदर्शनात स्टॉल मिळणार होता, तिथे मागच्या भिंतीवर मोठा करून लावायला.

हिमरू म्हणजे सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा. सोन्याच्या तारेचं किनखाब अमीर-उमरावांचं. त्याच्याच नक्षीचं हलकं, परवडणारं रूप म्हणजे हिमरू. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी हे कसब इकडे आणलं असं सांगतात. त्याच्या वेलबुट्टीत पुढे अजिंठ्याची नक्षीही आली. त्या मुलाचे वय झालेले अब्बा, गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत, ठरलेल्या दिवशी काळी शेरवानी घालून आले आणि जिन्यावर दोनदा थांबत वर चढले.

भाच्यासाठी हा चेहरा म्हणजे मेजवानी होती. लांब नाक, आत गेलेले डोळे, पांढरी दाढी, कपाळावर नमाजाचा डाग. दिवा दोन फुटांवर, काळं पान डाव्या गालाशी, भिंत लांब. त्याने तासभर काम केलं. चाचा हलले नाहीत. बसून काम करायची सवय होती. फोटो असा आला की काळ्यातून अर्धा चेहरा वर यावा, दाढीची एकेक तार मोजावी आणि दुसऱ्या डोळ्याखाली तो त्रिकोण, अगदी रेम्ब्रांटचा.

मुलाला प्रिंट देण्याआधी भाच्याने तो शहरातल्या छायाचित्रकारांच्या एका छोट्या प्रदर्शनात मांडला. तिथे त्याचं भरपूर कौतुक झालं. ज्येष्ठांनी प्रकाशाची तारीफ केली, तरुणांनी लेन्स विचारली. मामा शेवटच्या दिवशी येऊन गेले, फोटोसमोर उभे राहिले आणि “चांगलं आहे” म्हणाले. कौतुकात कंजूष माणसाचं “चांगलं आहे” भाच्याला बक्षिसापेक्षा मोठं वाटलं.

मग चाचा आले. त्यांनी प्रिंट खिडकीपाशी नेऊन पाहिलं, उलटं करून मागची बाजूही पाहिली, बहुधा कापड पाहायच्या सवयीने. हिमरूची पाठ पाहिल्याशिवाय त्याची वीण कळत नाही.

“हौ, चेहरा तो मेराच है,” ते म्हणाले. “हातां कां गए?”

भाचा म्हणाला, “चाचा, हा पोर्ट्रेट आहे. चेहरा महत्त्वाचा.”

“बुढे तो शहर में भोत हैं,” चाचा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, पैसे मुलगा देईल असं सांगितलं आणि जिना उतरले.

भाच्याने तो दिवस धुसफुशीत काढला. अडाणी गिऱ्हाईक आपल्याच शहराच्या वाट्याला का, या विषयावर तो बरंच बोलला. मामा पासपोर्टचे फोटो कापत होते. कापता कापता म्हणाले, “तुझा दिवा तोंडापासून किती होता?”

“दोन फूट.”

“अन् मांडीवरचे हात?”

भाच्याने मनात मोजलं. दिवा वरून, तिरका. हात दिव्यापासून चार फुटांवर तरी असणार. म्हणजे तोंडाच्या चौथाई उजेड, त्यात काळ्या शेरवानीच्या बाह्या, त्यात सॉफ्टबॉक्सची जाळी खाली उजेड उतरू देत नाही. ज्या गणिताने भिंत नाहीशी केली, त्यानेच हात नाहीसे केले होते. भिंत त्याने ठरवून काढली होती. हातांचं तर त्याच्या मनातच आलं नव्हतं.

“मग तुम्ही प्रदर्शनात का बोलला नाहीत?”

“मला कुठं दिसलं? मी पण दिव्याकडंच बघत होतो,” मामा म्हणाले आणि कात्री चालवत राहिले.

या गोष्टीत अजिंठा येणार हे इथल्या वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. संभाजीनगरात कुठलीही गोष्ट फार वेळ अजिंठ्यापासून लांब राहत नाही. त्याच आठवड्यात नागपूरचे पाहुणे आले आणि त्यांना लेणी दाखवायची कामगिरी भाच्यावर आली. सोमवारी लेणी बंद, म्हणून मंगळवारी. फुलंब्री, सिल्लोड, घाट, फर्दापूर, तिथून खालची बस. शाळेच्या सहलीत तो इथे येऊन गेला होता, पण शाळेच्या सहलीत लेणी कोण पाहतं?

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की बाहेरच्या उन्हामुळे सुरुवातीला काहीच दिसत नाही. डोळे सरावायला दोन-चार मिनिटं लागतात. मग गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या अंगाला पद्मपाणी हळूहळू उमटतो. पाहुण्यांनी मोबाइल वर केले. फ्लॅशला बंदी आहे, पण हल्लीच्या मोबाइलचा नाइट मोड अंधार पुसून टाकतो. स्क्रीनवर भिंतीचे पोपडे, छताचे डाग, पद्मपाणी आणि पुढच्या माणसाचं टक्कल सगळं सारख्याच हक्काने उजळून निघालं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी ही चित्रं टिपली ती फ्लॅश किंवा झगझगीत दिवे न वापरता, लेण्यात असतो तेवढ्या अंधुक उजेडात, शटर बराच वेळ उघडं ठेवून. तिथे अंधाराला वेळ दिलेला होता. मोबाइल वेळ देत नाही, निकाल लावून टाकतो.

भाचा चित्राकडे पाहत राहिला. या चित्रकारांपुढे दिव्याची जागा बदलून पाहायची सोय नव्हती. रंगच गडद-फिका करत त्यांनी गोलाई आणली. जुन्या शिल्पचित्रशास्त्रात त्याला वर्तना म्हणतात आणि विष्णुधर्मोत्तर पुराणात तिचे तीन प्रकार दिले आहेत. नाकाच्या कण्यावर, ओठावर, हनुवटीवर उजळ रंग ठेवायचा, की चेहरा मागच्या गडद पानाफुलांतून पुढे येतो. भाच्याची नजर आज सारखी खाली जात होती, उजव्या हाताकडे. निळं कमळ धरलेली बोटं चेहऱ्याइतक्याच निगुतीने काढलेली. मुकुट, मोती, खाली मिटत आलेले डोळे आणि ती बोटं. बाकी आजूबाजूची माणसं, माकडं, मोर सगळे असून नसल्यासारखे मागे सरकलेले.

मग गाईडने सगळ्यांना आत बोलावलं. गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला बुद्ध बसलेला आहे. गाईडने टॉर्च समोरून धरला. “बघा, ध्यानस्थ.” एका बाजूला सरकून टॉर्च धरला. “आता हसतोय.” दुसऱ्या बाजूने धरला. “आता गंभीर.” पाहुणे चकित झाले. हा खेळ इथले गाईड वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत आणि तो दरवेळी लागू पडतो. दगड तोच, ओठ तेच. उजेड कुठून आला, सावली ओठाच्या कुठल्या कोपऱ्यात साचली, यावर सगळं.

“यातला खरा कुठला?” भाच्याने विचारलं.

गाईडला असले प्रश्न नवीन नसावेत. “साहेब, टॉर्च माझ्या हातात आहे तोवर मी दाखवीन तो,” असं म्हणून त्याने पुढच्या गटाला जागा करून दिली.

बाहेर पडल्यावर त्याने भाच्याला एक जुनी गोष्ट सांगितली. विजेचे दिवे नव्हते तेव्हा लेण्यांच्या दारात आरसे धरून उन्हाचा झोत आत फेकायचे, आत पांढरं कापड धरून तो मऊ करायचे आणि भिंतीवर जिथे पाहिजे तिथे फिरवायचे. भाच्याने ते मामांच्या तोंडून ऐकलं होतं, पण सिनेमाच्या संदर्भात. १९५९च्या ‘कागज के फूल’मधला तो प्रसिद्ध उन्हाचा खांब छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत आणून उभा केला होता. मामांनी तो सिनेमा किती वेळा पाहिला याचा हिशोब मामींनी ठेवला आहे, तो इथे नको.

परत आल्यावर भाचा चाचांच्या घरी गेला. स्टुडिओत नाही, तुमच्या मागावर फोटो काढतो म्हणाला. चाचांना आश्चर्य वाटलं ते एवढंच, की आधी तिकडे का बोलावलं होतं.

मागाची खोली लांबट, जुन्या विटांची, एकच खिडकी. माग खड्ड्याचा; विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली पावड्यांवर. खिडकी चाचांच्या उजव्या हाताला होती. भाच्याने बॅग उघडली, सॉफ्टबॉक्स काढला, थोडा वेळ खोलीत उभा राहिला आणि सॉफ्टबॉक्स परत ठेवला. त्याऐवजी मागच्या बाजूचा झरोका पोत्याने बुजवला आणि खिडकीचा खालचा भाग काळ्या थर्मोकोलने झाकला, म्हणजे जमिनीवर, चपलांवर, पाण्याच्या माठावर जाणारं ऊन थांबलं. उरलेला उजेड मागावर पडला. आणि तिथे जे घडलं ते त्याने योजलं नव्हतं. त्या दिवशी मागावर पांढऱ्या सुताचा ताणा होता. खिडकीतला उजेड त्या ताणलेल्या सुतावर पडून खालून वर उठत होता आणि वाकून बसलेल्या चाचांच्या तोंडाला लागत होता. स्टुडिओतल्या कुठल्याही पांढऱ्या थर्मोकोलने एवढा मऊ परतीचा उजेड दिला नसता.

हात सर्वांत उजळ. एक धोट्यावर, दुसरा फणीवर. बोटांची पेरं जाड झालेली, अंगठ्याचं नख सुताने कापून अर्धचंद्रासारखं. चेहरा हातांपेक्षा एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, खाली, कपाळ आणि दाढी तेवढी उजेडात, डोळे विणीकडे. मागची भिंत, तुटका दुसरा माग, त्यावर टाकलेल्या गोधड्या हे सगळं अंधारात गेलं. भाच्याने मीटरिंग हातांवर केलं, कॅमेरा तिवईवर ठेवला, हात आणि चेहरा दोन्ही नीट टिपले जावेत म्हणून अ‍ॅपर्चर आठवर नेलं. त्यामुळे शटर मंदावलं. सेकंदाच्या पंधराव्या भागात चाचांचा धोट्यावरचा हात जरासा हलला. त्याने तो फोटो टाकून दिला, पुन्हा काढला, पुन्हा हलला.

“चाचा, एक क्षण थांबता का?”

“थांबलो तर विणकाम कसं दिसंल?” चाचा आता मराठीत म्हणाले. पण धोटा फेकण्याआधी हात क्षणभर थांबतोच, हे दोघांच्याही लक्षात आलं. भाच्याने तो ठेका मोजला आणि त्या थांब्यावर बटण दाबत राहिला.

प्रिंटच्या वेळी पुन्हा अडलं. लॅबने पहिलं प्रिंट इतकं गडद दिलं की मागचा सगळा पट काळाठिक्कर झाला. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही. अंधाऱ्या फोटोत हा फरक मारून नेतो. भाच्याने सावल्या थोड्या वर उचलून छोट्या पट्ट्यांवर तीन-चार चाचण्या काढून घेतल्या, चकचकीत कागद नाकारला, कारण त्यात काळ्या भागात पाहणाऱ्याचंच तोंड दिसतं. मॅट कागदावर अंधारातला तुटका माग हलकेच दिसायला लागला. दिसला पाहिजे होताच. त्या खोलीत कधीकाळी माग चार होते, असं चाचांनीच सांगितलं होतं.

मामांनी प्रिंट पाहिलं. यावेळी “चांगलं आहे” म्हणाले नाहीत. “नखाला काय झालंय?” असं विचारलं, आणि भाच्याने सुताचं कारण सांगितल्यावर बराच वेळ त्याच्याकडून मागाबद्दल ऐकत बसले.

चाचांनी ते प्रिंट खिडकीत नेलं नाही. हातातच धरून पाहिलं. “हां,” म्हणाले. मग बोटाने ताण्यावरची एक जागा दाखवली. “इथं तार तुटली होती. तुमच्या फोटोत पण आली.” त्यांना ते आवडलं होतं की खटकलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

अडचण मुलाकडून आली. त्याने प्रिंट लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाला, “भाई, फोटो एक नंबर. पर कपडा कां दिख रहा? दिल्लीत लोक शाल बघायला येणार. रंग दिसायला पाहिजे, बुट्टी दिसायला पाहिजे. थोडा उजेड वाढवून द्या ना पूर्ण फोटोला.”

भाच्याने मामांकडे पाहिलं. पूर्वीचा असता तर त्याने मुलाला कलेबद्दल दोन शब्द ऐकवले असते. त्याहीपूर्वीचे मामा असते तर त्यांनी दोन छत्र्या काढल्या असत्या.

“उजेड वाढवला तर चाचा जातील,” भाचा म्हणाला.

“म्हणजे?”

मामा मध्ये पडले. त्यांनी प्रिंट मुलाच्या हातातून घेऊन कागदात गुंडाळलं आणि रबर लावलं. “हा चाचांचा. शाल उद्या घेऊन ये, तिचा वेगळा काढतो. भरपूर उजेडात, एकेक बुट्टी मोजून घे.” मग पावतीपुस्तक पुढे ओढत म्हणाले, “त्याचे पैसे वेगळे पडतील.”